दिनाराखालच्या चिठ्ठ्या

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे सोन्याचं एकही नाणं नाही.

माझ्याकडे चंदेरी कागद आहेत. जेवण गुंडाळायला वापरतात ना, तोच अॅल्युमिनियमचा कागद. नाण्यावर ठेवायचा, कापसाच्या बोळ्याने हळूहळू दाबायचा, की अक्षरं वर उमटतात. घासायचं नाही, सोनं मऊ असतं. असे एकशे सव्वीस ठसे बुटांच्या एका खोक्यात आहेत. त्रेसष्ट नाणी, प्रत्येकाच्या दोन बाजू. खोकं उघडलं की खोटी चांदी लखलखते. हाच माझा संग्रह.

नाणी एकाच माणसाची. त्याचीच ही गोष्ट. म्हणजे मी त्याचं काय केलं त्याची.

नाण्यांवरची अक्षरं वाचायला मी मोबाईलवर शिकलो. जुने दिनार, म्हणजे अरबांची सोन्याची नाणी, कूफी लिपीत असतात. ताठ, कोनाकोनाची अक्षरं, नुक्ते म्हणजे टिंबं नाहीत, विटा रचल्यासारखी. माझ्या खोलीत एक खाट आहे आणि एक खिडकी आहे, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. दोन वर्षं भिंतीकडे बघितलं की माणूस काय वाटेल ते शिकतो. कुणी शिकवलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दादाला, म्हणजे मोठ्या भावाला, एकदा फोनवर सांगितलं होतं.

"तुला अरबी येतं?"

"अरबी नाही येत. नाण्यांवरचं येतं, देव एक आहे वगैरे, तेवढंच."

"म्हणजे कुणाला पत्ता विचारता येणार नाही."

"नाही."

"पण देव एकच आहे, हे सांगता येईल."

"हो. साल पण सांगता येईल."

"मग ठीक आहे. रस्ता चुकलास की तेच सांगत बस."

दादा वाईट नाही. त्याला दोन पोरं आहेत, वेळ नसतो. पंधरा दिवसांनी फोन करतो, जेवलास का विचारतो, मी हो म्हणतो, संपलं.

कामाला मी स्कॅनिंगमध्ये आहे. मोठा हॉल, आठ मशिनी, खिडक्या नाहीत. कंपन्यांच्या, दवाखान्यांच्या जुन्या फायली खोक्यांतून येतात. पिना उपसायच्या, कागद सरळ करायचे, मशीनला लावायचे. मागची बाजू सहसा कोरी असते, म्हणून 'एकच बाजू' असं बटण आहे. ते दाबलं की काम भराभर होतं. स्क्रीनवर चित्र नीट आलंय बघायचं आणि कागद राखाडी पेटीत टाकायचा. पेटीला कुलूप आणि वर टपालपेटीसारखी फट. दर बुधवारी गाडी येते आणि पेटी रिकामी करून कागदाचा भुसा करते. कागद जातो, चित्र राहतं. दिवसाला चार हजार कागद. आता हाताला डोक्याची गरज लागत नाही.

ऑफिसात मला शेठ म्हणतात. मी जेवणाच्या सुट्टीत सोन्याच्या नाण्यांचे फोटो बघतो म्हणून.

तर नाण्यांच्या एका ग्रुपवर एका बाईंनी चार फोटो टाकले होते. 'यावर काय लिहिलंय कुणी सांगेल का? वडिलांना आता वाचता येत नाही. याच शहरातलं कुणी असेल तर बरं.' मी चार मिनिटांत चारही वाचून पाठवले. एकाचं साल त्यांनी चुकीचं टाकलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी लगेच फोन केला. तासाचे किती घेता? मी म्हटलं, काही नको, ठसे घेऊ द्या. फक्त ठसे? त्यांनी दोनदा विचारलं. फुकट काम करणाऱ्याबद्दल माणसाला शंका येतेच.

वडील दातांचे डॉक्टर. निवृत्त. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता, तो बंद होऊन सहा वर्षं झालेली, पण आत सगळं तसंच. ती उलगडणारी खुर्ची, वरचा मोठा दिवा, पाण्याची चूळ भरायची वाटी. लवंगेच्या तेलाचा वास भिंतीत मुरलेला.

"तू वाचणारा?"

"हो."

"बस. तिथे नको, ती पेशंटची खुर्ची. तिथे बसलास तर सवयीने दात बघेन."

मी स्टूलवर बसलो. ते माझ्याकडे बघत होते, पण जरा बाजूला, माझ्या खांद्यापलीकडे कुणी उभं असल्यासारखं.

"मधलं गेलंय माझं," ते म्हणाले. "डोळ्याच्या मधोमध एक राखाडी डाग आहे. कडेकडेचं दिसतं. समोर माणूस असला तर तोंड दिसत नाही, कान दिसतात. चाळीस वर्षं लोकांची तोंडंच बघितली, आता नेमकी तीच दिसत नाहीत. तुझे कान मोठे आहेत हं."

मी म्हटलं, "या दिनारांवर पण तोंड नसतंच. राजाचं चित्र नाही, काही नाही. नुसती अक्षरं."

ते हसले. असे हसले की खुर्चीचा दांडा हलला. तिथून आमचं जमलं.

अवजारांचं कपाट होतं, उथळ खणांचं. पूर्वी त्यात चिमटे, आरसे असायचे. आता हिरव्या कापडाचे खण आणि प्रत्येक गोल खाचेत एक दिनार. त्यांनी पहिला उचलून माझ्या हातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा. जेमतेम सव्वाचार ग्रॅम. पण सोन्याचं वजन हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर.

"कडेने धर. मधे बोट लावलंस तर भूल न देता दाढ काढीन."

दात बघायचा दिवा त्यांनी खाली ओढला. मी वाचायला लागलो. मधल्या तीन ओळी सगळ्यांना येतात, देव एक आहे, त्याला भागीदार नाही. खरी मजा कडेला. तिथे मजकूर गोल फिरतो, घड्याळाच्या उलट, म्हणून आपण नाणं घड्याळासारखं फिरवत राहायचं. देवाच्या नावाने, हा दिनार घडवला, साल सात आणि वीस आणि शंभर, हिजरी. आकडा नाही, शब्द, आणि तोही आपल्यासारखाच, सत्तावीसमधला सात आधी. 'हा दिनार.' नाणं स्वतःबद्दल बोलतं. बाराशे वर्षं त्याच्याकडे सांगायला तेवढंच आहे, मी कोण आणि मला कधी घडवलं.

"शाबास," डॉक्टर म्हणाले. "आता दुसरं."

असे तीन महिने गेले. रविवारी दुपारी आणि बुधवारी कामावरून सुटल्यावर. मी वाचायचो, ते ऐकायचे. कधी मला अडलं की ते दुसऱ्या कपाटातून प्लास्टरचा ठसा काढायचे. दातांचे साचे बनवायच्या पांढऱ्या प्लास्टरमध्ये त्यांनी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू ओतून ठेवल्या होत्या, मागे नंबर कोरून. ते अंगठा फिरवायचे त्यावर. "इथे वाव अक्षर आहे बघ. 'आणि'." बरोबर असायचं. आठवड्यातून तेवढंच दोनदा मी कुणाशी तरी एका वाक्याहून जास्त बोलायचो. मला नाण्यांची ओढ होती की त्या स्टूलची, ते आता सांगता येत नाही.

प्रत्येक नाण्याखाली एक गोल चिठ्ठी असायची. औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून कापलेली. त्यावर नंबर, वजन, साल, कुठून घेतलं. बारीक, सरळ, निळ्या शाईचं अक्षर.

"आमच्या मॅडमचं," डॉक्टर म्हणाले होते. मॅडम म्हणजे त्यांची बायको. दवाखान्यात पेशंटची नावं लिहायला तीच बसायची, म्हणून घरीही मॅडम. चार वर्षांपूर्वी गेली. "मी सांगायचो, ती लिहायची. तिला यातलं अक्षर कळायचं नाही. म्हणायची, तुम्ही परकी सवत आणलीत, तिची जन्मपत्रिका मी लिहितेय."

मी हसलो आणि पुढचं नाणं उचललं.

डॉक्टर मुलीकडे राहायला जाणार होते, दुसऱ्या शहरात. एकटं राहणं आता जमत नव्हतं. गॅस चालू राहायचा. नाणी एका लिलावघराला द्यायचं ठरलं, कारण डोळे गेलेल्या माणसाने इतकं सोनं घेऊन कुठे फिरायचं? मुलगी, ग्रुपवर फोटो टाकणारी तीच, तिला मी ताई म्हणायचो, आठवड्यासाठी आली आणि कामाला लागली. नाणी शुक्रवारी जाणार. तोवर छापील यादी हवी आणि प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत छापील चिठ्ठी.

मी सगळं केलं. आणि अभिमानाने केलं, हे लपवत नाही. मॅडमच्या चिठ्ठ्यांवर नऊ ठिकाणी साल चुकलेलं होतं. त्यांची चूक नव्हती, डॉक्टरांनी सांगतानाच चुकीचं वाचलं होतं. मी, कुणी न शिकवलेला, मी ते पकडलं. नऊच्या नऊ दुरुस्त करून छापले.

जुन्या चिठ्ठ्या पाकिटात भरून मंगळवारी ऑफिसला नेल्या. सुट्टीत मशीनवर लावल्या, एका कागदावर बारा बारा. एकच बाजू. स्क्रीनवर बघितलं, चित्र नीट होतं.

मग त्या पेटीत टाकल्या.

सवयीने टाकल्या असं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. पण ते अर्धंच खरं आहे. हात फटीपाशी एक क्षण थांबला होता. तेव्हा मला वाटलं, चित्र आहे, दुरुस्त यादी आहे, आता चुकीचे कागद ठेवून करायचंय काय? मग टाकल्या. बुधवारी गाडी येऊन गेली.

शनिवारी मी गेलो तेव्हा नाणी गेलेली होती. कपाटाचे खण उघडे, हिरव्या कापडात नुसत्या खाचा. दात काढलेल्या हिरड्यांसारखं दिसत होतं, आणि डॉक्टर नेमकं तेच म्हणाले. ताई वरच्या मजल्यावर खोकी भरत होती, टेपचा आवाज येत होता. डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"एक काम आहे. पुढच्या रविवारी ये, ही तिकडे घर आवरायला जाणारे. मला मागचं वाचून दाखव."

"कशाच्या मागचं?"

"चिठ्ठ्यांच्या. तू वाचलं असशीलच."

मी रिकाम्या खाचांकडे बघत राहिलो.

"पहिल्यांदा लिहिलं ते मला चिडवायला," ते म्हणाले. "मी नाणं उचललं, चिठ्ठी उलटी पडली, तर मागे काहीतरी खरडलेलं. मग ती प्रत्येकाच्या मागे लिहायला लागली. सांगायची नाही. मी वर्षाने, दोन वर्षांनी ते नाणं काढायचो तेव्हा सापडायचं. ती गेल्यावर भिंग घेऊन वाचायचो. आता दोन वर्षं झाली, भिंगानेही जमत नाही. मुलीला कसं सांगू? तिच्याबद्दलही आहे त्यात. तू परका आहेस, तुझ्यासमोर चालेल. नाणी जाऊ देत. चिठ्ठ्या मी घेऊन चाललोय."

माझे कान तापले. बरं झालं त्यांना रंग कळत नव्हता.

मी काहीतरी करायचं म्हणून खण बंद करायला लागलो, तर चौथ्या खणात एका खाचेच्या तळाशी कापडाला एक चिठ्ठी चिकटलेली. मोजताना कशी सुटली देव जाणे. नंबर एक्केचाळीस. मी ती उलटली. निळ्या शाईत चार ओळी होत्या:

'हे घेतलं त्या दिवशी माझी चप्पल तुटली. नाणं सोन्याचं, चप्पल सुतळीने बांधून घरी. यांना घरी पोचल्यावर कळलं.'

तीन महिने मी प्रत्येक नाणं दहा दहा वेळा उलटलं होतं. आणि कागद एकदाही नाही.

सोमवारी सुपरवायझर बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

"पेटीची किल्ली हवी होती."

"कशाला? शेठचं सोनं पडलं आत?"

"कागद पडले. माझे. मंगळवारचे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मंगळवारचे? अरे, ते आता अंड्यांच्या ट्रेमध्ये असतील." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "महत्त्वाचे होते का रे?" मी नाही म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

राहिली चित्रं. सहा चित्रं, बासष्ट गोल, पुढची बाजू. सुट्टीत बसून मी एक चित्र मोठं केलं, काळं गडद केलं, अजून गडद केलं. कागद पातळ होता. निळ्या अक्षरांच्या मागे फिकट सावल्या दिसायला लागल्या. मागची शाई, उलटी. मी चित्र आरशासारखं फिरवलं. एका चिठ्ठीवर 'डोकं' वाचता आलं. एकीवर 'दूध'. बारा नंबरवर 'आज', मग काही नाही, मग 'दुकानात', मग खाली 'हसले'.

झिजलेलं नाणं असंच वाचतात. दिसतं तेवढं धरायचं, उरलेलं ओळखायचं. फक्त एक नियम आहे. जे दिसलं नाही आणि आपण भरलं, ते चौकटी कंसात टाकायचं. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे नाण्याचं नाही, आपलं आहे. हा नियम मला पाठ आहे. मी ग्रुपवर लोकांना यावरून झापलंय.

आठवडाभर बसून मी सतरा चिठ्ठ्या जुळवल्या. रोज कामावरून आलो की खाटेवर बसून लिहायचो. त्यांच्या बायकोसारखं बोलायचा प्रयत्न करायचो, एकटाच, मोठ्याने, भिंतीकडे बघत. पण कंस टाकले नाहीत. ऐकताना कंस कुठे कळतात, असं म्हटलं मनाशी.

रविवारी डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसले, मागे रेलून. दिवा माझ्याकडे वळवला.

"कुठूनही सुरू कर."

मी एक्केचाळीस नंबर वाचला. खरा. ते इतके हसले की खोकला लागला. "सुतळी! त्या दुकानदाराकडूनच मागून घेतली होती म्हणे तिने, मेल्याने द्यायला किती वेळ लावला. वाच, वाच पुढे."

मी बारा नंबर वाचला. "'आज बाहेर गेलो. दुकानात खूप सुंदर नाणी होती. हे आनंदाने हसले, मलाही बरं वाटलं.'"

त्यांनी माझ्या बाजूला कान वळवला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझं मलाच ते शाळेतल्या निबंधासारखं वाटलं.

"ती 'सुंदर' म्हणायची नाही," डॉक्टर म्हणाले. "लग्नात मला बघून म्हणाली होती, चालेल. हे तिचं नाही."

दिव्याची घरघर ऐकू येत होती.

"चिठ्ठ्या दे माझ्या हातात."

मी एक्केचाळीस नंबर दिली. त्यांनी अंगठ्याने कड चाचपली, झाकणाच्या मापाची. मग दुसरा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

तेव्हा मी सांगितलं. मशीन, पेटी, गाडी. नऊ चुका दुरुस्त केल्या तेही सांगितलं, का कुणास ठाऊक, जणू ते ऐकून काही कमी होणार होतं.

"म्हणजे नाहीत."

"नाहीत."

"एकही?"

"ही एक."

बराच वेळ ते वर छताकडे बघत राहिले. पेशंट बघतात तसे.

"पाच हजार दाढा काढल्या मी," ते शेवटी म्हणाले. "एक चुकीची काढली होती. बाई उठून बसली, वाटीत चूळ भरली, आणि मी तिला म्हटलं, झालं, मोकळ्या झालात. तीन दिवसांनी सांगितलं. ती काय म्हणाली माहितीये? दाढेचं जाऊ द्या डॉक्टर, तीन दिवस मला वाटत होतं माझीच काहीतरी चूक होतेय." त्यांनी हात वर करून दिवा बंद केला. "जा तू आता."

मी गेलो. माझं चंदेरी ठशांचं खोकं तिथेच राहिलं.

पुढचे दिवस काय सांगू. काही झालंच नाही. बुधवारी कामावरून सुटलो आणि पाय सवयीने त्या रस्त्याला लागले, मग परत फिरलो. खोलीत आलो. ग्रुपवर कुणीतरी एक दिनार टाकला होता, कुणालाच कडेचं वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी वाचलं, लिहिलं नाही. दादाचा फोन आला. जेवलास का? हो. आवाज का असा? सर्दी. एवढंच बोलून ठेवणार होता, तर मीच म्हटलं, दादा, तुझ्याकडे आईची जुनी पत्रं आहेत का? तो म्हणाला, आई कुठे पत्रं लिहायची, ती फोन करायची. ते खरंच होतं.

शुक्रवारी ताईचा फोन आला.

"उद्या बाबांना घेऊन जातेय. तुझं ते खोकं राहिलंय इथे."

"येऊन घेऊन जातो."

"आणि बाबा म्हणाले, येताना कात्री आण. आणि जाड कागद. कशाला ते सांगत नाहीत." मग जरा थांबून, "भांडलात का तुम्ही दोघं? आठवडाभर ते त्या प्लास्टरच्या चकत्या घेऊन बसलेत. एक एक हातात धरतात आणि पुटपुटतात. मला काळजी वाटायला लागलीये."

दवाखाना रिकामा होता. खुर्ची विकली होती, जमिनीवर चार भोकं उरली होती. स्टूल मात्र होतं. डॉक्टर एका खोक्यावर बसले होते आणि शेजारी प्लास्टरचे ठसे, नंबरवार.

"आलास? बस. बाटलीचं झाकण त्या खिडकीत आहे. गोल काप आणि लिही. अक्षर बारीक काढ."

त्यांनी पहिला ठसा उचलला, अंगठा फिरवला, कडेने, घड्याळाच्या उलट.

"सात नंबर. 'आधी म्हणाले सात, मग म्हणाले नऊ. मी सात लिहिलंय. दूध उतू जातंय.'"

मी लिहिलं. दूध. ते मी सावलीत बघितलं होतं.

"तीस. 'दुकानदार म्हणाला खरं आहे. हे म्हणाले खरं आहे. मला कुणी विचारलं नाही.'"

"पंधरा." इथे त्यांनी जिन्याकडे कान दिला. ताई वर होती. "'मुलीला ताप होता तरी गेले. आणलेलं नाणं दोन दिवस खिशातून काढलं नाही. बरं केलं.'"

काही लगेच यायचे, काहींना अंगठा तीन तीनदा फिरायचा. काही यायचेच नाहीत. बारा नंबर त्यांनी खूप वेळ धरला.

"'आज' होतं सुरुवातीला," मी हळूच म्हटलं. "मग 'दुकानात'. शेवटी 'हसले'. तेवढं खरंच दिसलं होतं."

"'आज'," ते म्हणाले. मग मान हलवली. "तेवढंच लिही. मधे कंस टाक, आणि कंसात काही भरू नकोस."

संध्याकाळपर्यंत एकोणीस झाल्या. ताईने गाडीचा हॉर्न वाजवला. मी चिठ्ठ्या पुढे केल्या, तर ते म्हणाले, "तुझ्याकडे राहू दे. मला वाचता थोड्याच येणार आहेत. आठवलं की सांगेन, तू लिहीत जा." चुकीबद्दल काही म्हणाले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. एक्केचाळीस नंबर त्यांच्या शर्टच्या खिशात होती, कड दिसत होती.

याला आता आठ महिने झाले. फोन येतो. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर नाही. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. नुसतं "बावन्न नंबर, लिही" आणि सुरू. माझ्या खिशात कायम कापलेल्या गोल चिठ्ठ्या असतात. सुपरवायझर बाईंनी एकदा विचारलं, शेठ, आता कागदाची नाणी पाडायला लागलात का?

चौतीस झाल्यात. चौतीस आणि बारा नंबरचा कंस.

फोन संपला की डॉक्टर म्हणतात, "ठेवतो." पण ठेवत नाहीत. म्हणजे त्यांना ठेवता येत नाही. लाल बटण स्क्रीनच्या मधे येतं आणि मधलं त्यांना दिसत नाही. ते फोन तसाच टेबलावर ठेवून उठतात. मग मला त्यांचं घर ऐकू येतं. भांडी. नळ. ताई मुलाला ओरडते, चष्मा कुठे टाकलास. कुणीतरी जिना चढतं. मी बंद करू शकतो. माझ्याकडचं बटण मला दिसतं.

परवा फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये होतो, मशीन चालू. मी कान दाबून कोपऱ्यात गेलो.

"तेवीस. पूर्ण आठवलं. लिही. 'आज भांडण झालं नाही. लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.'"

मी भिंतीवर चिठ्ठी धरून लिहिलं.

"झालं?"

"झालं."

"ठेवतो," ते म्हणाले. खुर्ची सरकली. पावलं लांब गेली. मग ताईचा आवाज, बाबा, बसा, वाढलंय, आणि ताट ठेवल्याचा आवाज, आणि पाणी ओतल्याचा. माझ्यामागे सात मशिनी कागद ओढत होत्या. तिकडे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी पुन्हा घ्यायचा आग्रह केला. मी चिठ्ठीवरची शाई वाळेपर्यंत तसाच उभा राहिलो, आणि नंतरही जरा वेळ.